कोणतीही कळ दाबा

टाक्या धुण्याचा दिवस असला की जलशुद्धीकरण केंद्रातली माणसं हलक्या आवाजात बोलतात. त्या दिवशी पंप बंद असतात. एरवी पंपांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय झालेली असते, आणि घरघर थांबली की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. अशा एका दिवशी ती नवऱ्याबरोबर तिथं कामाला आली. नवरा तिथलाच फिटर होता, बरीच वर्षं. ती मुख्य कार्यालयात प्रोग्राम लिहायची आणि थोड्या दिवसांसाठी या केंद्रावर आली होती. फाटकापाशी पोचेपर्यंत फिटरची थट्टा चालू होती. आज तू माझी साहेब, तेव्हा डबा तू धरायचा की मी, असं त्यानं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत डबा तिच्या हातात देऊन पाना खांद्यावर टाकून टाक्यांकडे निघूनही गेला. हा माणूस असाच. घरी त्याची आई रोज म्हणायची, याला एका जागी बसवायचं तर खिळेच ठोकायला हवेत.

तिचं काम वरवर पाहता सोपं होतं. केंद्राच्या तळघरात एक जुनं विंडोज यंत्र होतं आणि त्यात एक बॅच फाइल होती. बॅच फाइल म्हणजे एकाखाली एक लिहिलेले हुकूम. यंत्र ते वरून खाली वाचत जातं आणि सांगितलं तेवढं करतं. या फाइलचे हुकूम झडपांसाठी होते. टाक्या धुऊन झाल्या की ती चालवायची, मग पहिल्या टाकीची झडप उघडायची, मग दुसरीची, असं करत पाचही टाक्या भरायच्या आणि संध्याकाळच्या आत शहराच्या नळांना पाणी जायचं. फाइल लिहिली होती नानांनी. नाना तिथले जुने ऑपरेटर, वारून बरीच वर्षं झालेली. त्यांच्यानंतर कोणी त्या फाइलला हात लावला नव्हता, कारण चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस कोणालाच नसते.

पण मुख्य कार्यालयातला सगळा कारभार आता युनिक्सच्या धर्तीवरच्या शेलमधून चालायचा. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात हुकूम टाइप करायचे. सगळी केंद्रं एकाच पद्धतीनं चालवायची असं वरून ठरलं होतं, म्हणून या जुन्या विंडोज यंत्रावरही तसला शेल बसवला होता, आणि नानांची फाइल त्या शेलमधून चालवून दाखवणं एवढंच तिच्याकडे होतं.

तळघरात उजेड ट्यूबलाइटचा. खिडकी नाही. भिंतींना ओल, आणि सगळीकडे क्लोरीनचा तो वास, जो पहिल्यांदा नाकाला झोंबतो आणि मग कपड्यांत मुरून बसतो. छतावरून टाक्यांकडे जाणारी लोखंडी वाट गेलेली होती. वर कोणी चाललं की खाली खणखण ऐकू यायचं.

तिनं पहिला हुकूम टाइप केला आणि पहिल्याच घासाला खडा लागला. त्या शेलची एक खोड आहे. विंडोजला एखादी फाइल चालवून परत यायला सांगायचं तर हुकमात एक तिरकी रेघ आणि तिच्यापुढे सी हे अक्षर लिहावं लागतं. या शेलला मात्र तिरकी रेघ दिसली की वाटतं, हा कुठल्या तरी कप्प्याचा पत्ता आहे. तो मधल्या मध्ये त्या पत्त्याचं आपल्या समजुतीप्रमाणे भाषांतर करून टाकतो आणि मूळ हुकूम पलीकडे पोचतच नाही. विंडोज नुसतं जागं होतं आणि काय करायचं ते न कळल्यामुळे वाट बघत बसतं. उपाय साधा आहे, रेघ दोनदा द्यायची. तिला हे पाठ होतं, नव्या पोरांना तिनंच शिकवलं होतं, आणि तरीही तिनं रेघ एकदाच दिली.

काळ्या खिडकीत विंडोजची ओळ उमटली आणि तिच्या टोकाशी ती छोटी रेघ लुकलुकत राहिली. ती स्वतःशी हसली. तेवढ्यात वरच्या लोखंडी वाटेवरून कोणीतरी चालत गेलं. रबरी बूट असावेत, ओले. पाऊल उचलताना पचक, टेकताना जड. पावलं थोडी पुढे गेली, थांबली, पुन्हा पुढे गेली, थांबली. प्रत्येक टाकीपाशी कोणी डोकावून बघत असावं. सफाईवाले असतील, असं म्हणून तिनं पडद्यावरची ती काळी खिडकी बंद केली आणि हुकूम नीट लिहायला घेतला.

मग दुसरी अडचण आली. नानांच्या फाइलमध्ये प्रत्येक टाकीच्या आधी एक थांबा होता. यंत्र थांबायचं, पडद्यावर ‘पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची, आणि कोणी कीबोर्डवरची कळ दाबेपर्यंत पुढची झडप उघडायची नाही. आता मुख्य कार्यालयातून फाइल चालवायची तर इथं कळ दाबायला बसणार कोण? तिनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, नानांच्या काळी तिथंच उमेदवारी केलेले. ते दारातच उभे होते, आत आले नाहीत. तिच्या नंतर लक्षात आलं की ते त्या खोलीत कधीच येत नसत. नानांना दर टाकीला उठून चक्कर मारायची सवय होती, ते म्हणाले, म्हातारा माणूस, पाय मोकळे करायचा. थांबे काढून टाका. एवढं बोलून ते लगबगीनं जिना चढून गेले.

दुसऱ्यानं लिहिलेल्या फाइलला हात लावणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं थांबे तसेच ठेवले आणि त्यांना चकवायची युक्ती केली. शेलमधून फाइल चालवताना कीबोर्डच्या जागी रिकामा प्रवाह जोडता येतो. फाइल कळेची वाट बघायला लागते आणि तिला ताबडतोब कळतं की पलीकडे आता काही यायचं नाही; मग ती थांबत नाही, पुढे जाते. पाच थांबे, आणि पाचही डोळ्याचं पातं लवायच्या आत पार. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि ते वाटण्यासारखंच होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी सफाईवाल्यांनी टाक्या सोडल्या. मुकादमानं माणसं मोजली, झाकणं ओढली आणि खाली निरोप पाठवला की सगळे बाहेर आहेत. मोजताना फिटरही बाहेर होता, घाम पुसत होता, कोणाची तरी टोपी लपवत होता. नंतर सगळे भिंतीच्या सावलीला डबे उघडून बसले तेव्हा त्याला आठवलं की तिसऱ्या टाकीतल्या झडपेचा एक नट हातानंच आवळलेला राहिलाय. दोन मिनिटांत येतो, असं तो कोणाला म्हणाला असेल तर ते कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या टाकीचं झाकण बाजूला करून तो शिडीनं खाली उतरला.

हे तिला माहीत नव्हतं. साहेबांचा फोन आला, शहर पाण्यासाठी खोळंबलंय, सुरू करा. तिनं दोन रेघा देऊन, रिकामा प्रवाह जोडून फाइल सुरू केली.

पहिला थांबा आला आणि गेला. दूर कुठेतरी झडप उघडल्याचा धक्का भिंतीतून जाणवला आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. दुसरा थांबा आला, गेला. तिसरा आला आणि तिथंच राहिला.

तिनं वाट पाहिली. हे होण्यासारखंच नव्हतं. जिथं कीबोर्ड जोडलेलाच नाही तिथं फाइल कळेची वाट बघेल कशी? तिनं हुकूम पुन्हा अक्षर न् अक्षर वाचला. बरोबर होता. पडद्यावर ती ओळ तशीच, कोणतीही कळ दाबा. तिनं उगाच एक कळ दाबली. मग दुसरी. मग हाताला लागतील त्या.

वर लोखंडी वाटेवर पावलं वाजली.

तेच बूट. पचक, जड. पचक, जड. पहिल्या टाकीपाशी ते थांबले नाहीत, दुसरीपाशीही नाहीत. तिच्या डोक्यावरून सरळ पुढे गेले आणि तिसऱ्या टाकीच्या अंदाजाला थांबले. मग बराच वेळ काहीच नाही. एवढा मोठा पाण्याचा आवाज चालू असूनही तिला तेवढी शांतता वेगळी ऐकू आली. मग पावलं परत फिरली. वाटेवरून आली, जिन्यावरून उतरली, एकेक पायरी, सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखी. दारातून आत आली आणि तिच्या खुर्चीमागे येऊन थांबली. भिजलेल्या रबराचा वास क्लोरीनच्या वासात मिसळला.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. वळावं असं मानेला सांगूनही मान वळली नाही.

पडद्यावर नवी ओळ उमटली. ही ओळ तिनं आयुष्यात हजारदा पाहिली होती. चालू बॅच फाइल मध्येच तोडायला दोन विशिष्ट कळा एकदम दाबल्या की विंडोज विचारतं, हे काम इथंच थांबवू का? हो की नाही? पण त्यासाठी आधी कोणीतरी त्या दोन कळा दाबाव्या लागतात. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

शेजारच्या भिंतीवरचा फोन वाजला तेव्हा ती किंचाळायची बाकी राहिली. साहेब होते. पाणी पुढे का जात नाही? तिनं कसंबसं सांगितलं की काम थांबवायचं का असं यंत्र विचारतंय. मग नाही म्हणा, ते वैतागून म्हणाले, आणि पुढे चला. तिनं फोन कानाशी धरून एका हातानं ‘नाही’चं अक्षर दाबलं. यंत्रानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच दाबलं. पुन्हा प्रश्न. एकाखाली एक तोच प्रश्न येत राहिला, आणि प्रत्येक वेळी तिच्या मानेवर गार ओलसर श्वास लागल्यासारखं झालं. शेवटी प्रश्नापुढे ‘हो’चं अक्षर आपोआप उमटलं. तिनं ते दाबलं नव्हतं.

“साहेब…” ती म्हणाली. “ते स्वतःच हो म्हणतंय.”

“कुठल्या टाकीला थांबलंय?”

“तिसऱ्या.”

ती हॅलो, हॅलो करत राहिली. मग साहेबांचा आवाज आला, तो साहेबांचा वाटलाच नाही.

“बाई, उठा. वर पळा. तिसरीत बघा.”

ती कशी उठली, त्या खुर्चीमागून कशी निघाली, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मागे कोणी नव्हतं. फरशीवर ओल होती, पण त्या तळघरात ओल कुठे नसायची? ती जिना चढून भर दुपारच्या उन्हात आली, लोखंडी वाट पायाखाली खणखणत होती, आणि तिसऱ्या टाकीचं झाकण अर्धवट सरकलेलं तिला लांबूनच दिसलं. बाजूला फिटरची टोपी ठेवलेली होती.

ती गुडघ्यांवर पडली आणि त्या काळ्या तोंडात ओरडली, “आत कोणी आहे का?”

“मी आहे,” आतून आवाज आला. “येतोय.”

शिडी हलली. आधी त्याचे हात दिसले, मग डोकं. तिनं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तो वर येऊन उभा राहिल्यावर तिनं त्याच्या छातीवर एकदा मूठ आपटली आणि मग तिथंच तोंड लपवून रडली. माणसं जमली. मुकादम सगळ्यांदेखत स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला, त्याला दोघांनी आवरलं. साहेब धावत आले आणि फिटरला उभा बघून मटकन खाली बसले.

मग त्यांनीच सांगितलं. नाना पाय मोकळे करायला उठत नसत. प्रत्येक थांब्याला ते वर यायचे, टाकीत वाकून हाक मारायचे, आत कोणी आहे का, आणि उत्तर आलं नाही म्हणजे मगच खाली जाऊन कळ दाबायचे. थांबे त्यासाठीच होते. एका धुण्याच्या दिवशी नाना स्वतःच तिसरीत उतरले होते, आणि खाली यंत्रापाशी दुसराच कोणी बसला होता, नवा, घाईतला. त्यानं पाचही कळा एकापाठोपाठ दाबल्या. तो कोण, हे साहेबांनी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून कोणी विचारलंही नाही.

गर्दी पांगल्यावर ती नवऱ्याजवळ बसली. तो पाण्याच्या तांब्याकडे बघत होता, पीत नव्हता. तिला वाटलं होतं तो आता काहीतरी फाजील बोलेल, बायकोनं मारायचा चांगला बेत केला होता वगैरे, आणि ती त्याला चांगलं झापेल. तो तांब्या हातात फिरवत राहिला.

“तुला आत काही ऐकू आलं?” तिनं विचारलं.

“वरून कोणीतरी हाक मारली. आत कोण आहे म्हणून. म्हटलं, मी आहे, फिटर.”

“मग?”

“म्हणाले, थांब, मी येतो खाली.”

“आणि… आले?”

त्यानं तांब्या खाली ठेवला. चल, पाणी सोडायचं राहिलंय, असं म्हणून तो उठला.

पाणी सोडणं भाग होतं. शहरात दवाखाने होते, घरं होती, तिच्याच घरी सासूबाई सकाळपासून रिकामी भांडी मांडून बसल्या असणार. साहेबांनी ठरवलं की आज सगळं नानांच्या रीतीनं करायचं. रिकामा प्रवाह काढून टाकायचा, थांब्याला थांबायचं. खाली यंत्रापाशी ते स्वतः बसतील. इतक्या वर्षांनी ते त्या खोलीत जायला तयार झाले. तिनं खाली येऊन हुकूम नीट लिहून दिला, मग ती आणि फिटर वॉकीटॉकी घेऊन वर गेले. प्रत्येक टाकीत बघून, हाक मारून खाली सांगायचं, तेव्हाच साहेब कळ दाबणार.

पहिल्या दोन टाक्यांत पाणी आलंच होतं. तिथं नुसतं वाकून बघितलं आणि पुढे गेले. तिसरीचं झाकण फिटरनं उघडलं. तिनं टॉर्च आत धरला. ओल्या भिंती, शिडी, तळाशी उरलेल्या पाण्याचा पातळ थर. खांबापलीकडचा कोपरा दिसत नव्हता. तो वरून कधीच दिसायचा नाही, म्हणून तर हाक मारायची. नवरा तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आता भिण्यासारखं काही नव्हतं, तरी तिनं रीत म्हणून हाक मारली.

“आत कोणी आहे का?”

“अगं, मी आहे,” आतून आवाज आला. “इतका वेळ हाका मारतोय… कुठे होतीस?”

तो त्याचा आवाज होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला नवऱ्याचा आवाज ओळखायला विचार करावा लागत नाही. दमलेला होता, थोडा खोकत होता, आणि घाबरलेला असूनही घाबरलेलं दिसू नये म्हणून हसल्यासारखं बोलत होता. असं तो एकदाच बोलला होता, त्याच्या वडिलांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी.

“नट आवळून झालाय,” खालचा आवाज म्हणाला. “शिडी सापडत नाहीये. जरा इकडे उजेड दाखव ना… ऐकतेस ना?”

तिनं शेजारी पाहिलं. नवरा तिथंच उभा होता, उन्हात, त्याची सावली तिच्या पायांवर पडलेली. त्यालाही ऐकू आलं होतं. ते त्याच्या तोंडावरून कळत होतं, आणि त्याला त्याचं नवल वाटलेलं नव्हतं, हेही कळत होतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता. मघाशी जो हात धरून ती रडली होती तोच.

त्यानं दुसऱ्या हातानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

“तिसरीत कोणी नाही, साहेब,” तो म्हणाला. “दाबा.”

तिनं थांबा म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण थोड्या वेळापूर्वीच तिनं या माणसाला मरणाच्या दाढेतून परत मिळवलं होतं, तो जिवंत होता, शेजारी होता, आणि थांबा म्हणणं म्हणजे तो कोण आहे असं त्याला तोंडावर विचारणं होतं. तिची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर तिची इच्छाही झाली नाही.

खाली साहेबांनी कळ दाबली. झडप उघडली. पाणी आत कोसळायला लागलं तेव्हा आतल्या आवाजानं तिला नावानं हाक मारली, एकदा, मग पुन्हा, आणि फिटरनं झाकण ओढून घेतलं.

पुढच्या धुण्याच्या दिवशी ती मुद्दाम रजा काढून तिथं गेली. तिसरी टाकी पूर्ण रिकामी झाली, माणसं आत उतरली, खांबापलीकडचा कोपरा घासून निघाला. काही सापडलं नाही. ती स्वतः शिडीनं खाली उतरली, सगळीकडे हात लावून बघितलं, भिंतीला पाठ लावून जरा वेळ उभी राहिली. टाकी म्हणजे टाकी. तिनं स्वतःला बजावलं की भीतीनं कान वाजतात, दुसरं काही नाही. घरी आल्यावर तिला त्या रात्री झोपही चांगली लागली.

फिटरनं तळघरातल्या कामावर बदली मागून घेतली होती आणि तो आता टाक्यांत उतरत नसे. एका जागी तासन् तास बसायचा. लोक म्हणायचे, बायकोनं सुधारलं. ती हसायची. तो नीट वागायचा, वेळेवर यायचा, पगार हातात द्यायचा, आणि फार बोलायचा नाही. माणूस मरणाला भेटून आला की थोडा बदलतोच, असं सगळेच म्हणतात. तीही म्हणायची.

एका सकाळी ती आणि तो स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. सासूबाई नळापाशी घागर लावून उभ्या होत्या, पाठमोऱ्या. पाणी नुकतंच आलं होतं, धार बारीक होती. त्या जरा वेळ धारेला कान देऊन उभ्या राहिल्या आणि मग चेहरा न वळवता, लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या,

“आले रे बाळा, आले. किती हाका मारशील.”

तिच्या हातातला कप तिथंच राहिला. समोर बसलेल्या त्यानं आपला कप खाली ठेवला आणि उठून आईच्या मागून हात लांब करून नळ घट्ट बंद केला. सासूबाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या हाताखालून पुन्हा नळ सोडला.